अंगणातला कालवा

त्याला तलाव म्हणायचं नाही, असं नानांनी बजावलं होतं. पोहण्याची टाकी म्हणायचं. आई 'तो खड्डा' म्हणायची. शेजारचे देवरामकाका आधी 'डबकं' म्हणायचे, मग एकदम 'कुंड' म्हणायला लागले. मी त्याला काहीच म्हणत नव्हते. त्याच्याकडे बघितलं की माझ्या तोंडात लाळ जमायची. थुंकायची तर त्यातच थुंकावी लागली असती, कारण आमच्या अंगणात दुसरी जागाच उरली नव्हती.

थुंकले असते तरी काय. त्यात सगळेच थुंकत होते.

नाही. आधी पाय सांगते.

पाय

उजवा. मी रांगायची थांबून नुकती चालायला लागले होते तेव्हा ताप आला, आणि जाताना पायातलं सगळं घेऊन गेला. आता मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि खाली काळा बूट आहे. याला कॅलिपर म्हणतात. उन्हाळ्यात चामड्याला घाम लागतो आणि आंबलेल्या पिठासारखा वास येतो. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी खिडकीकडे तोंड करून बसते.

कॅलिपर काढल्यावर जे उरतं ते मी आईशिवाय कुणाला दाखवत नाही. नानांनाही नाही. सोललेली शेवग्याची शेंग. बास, यापेक्षा जास्त सांगणार नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला. तो वाकला नाही.

"आखडत चाललाय. पाण्यात चालवा हिला. पाण्यात पाय हलका होतो. रोज पाहिजे. पावसाळा संपला की दाखवायला आणा. तोवर सुटला तर उत्तम, नाहीतर कापावं लागेल."

"पाय?" आई म्हणाली.

"शिरा, बाई. शिरा."

नाना मला गावातल्या पोहण्याच्या तलावावर घेऊन गेले. बायकांची वेळ होती. मी काठावर बसले आणि पट्टा सोडायला वाकले. बायकांचं बोलणं थांबलं. एका लहान मुलीने विचारलं, "आई, हिचा पाय कुणी खाल्ला?"

मी पट्टा परत आवळला. येताना रिक्षात नानांना सांगितलं, "कुणी बघणार नाही अशा पाण्यात जाईन. तसं पाणी कुठे असलं तर सांगा."

नानांनी तसं पाणी बांधायलाच घेतलं.

खड्डा

नाना, म्हणजे माझे वडील, जयराम, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक आहेत. जन्मभर ते सायकलवरून कालव्याच्या कडेने फिरले. त्यामुळे त्यांना पाण्याची एकच आकृती माहीत आहे. वर रुंद, खाली अरुंद, दोन्ही बाजू उतरत्या. आमच्या अंगणात त्यांनी चुना टाकून आखलं तेही तेच. दोन्ही टोकांना बंद केलेला कालव्याचा एक तुकडा.

खलीलमिस्त्री कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "साहेब, हौज बांधायचा तर भिंत सरळ घेतात. ही काय घसरगुंडी आहे?"

"उभी भिंत काळी माती ढकलून पाडते, खलीलभाई. उतार दिला की माती गप्प बसते."

"माती गप बसेल. माणूस बाहेर कसा येणार?"

"एका टोकाला पायऱ्या आहेत ना."

"आणि बाकी तीन बाजूंनी?"

"बाकी तीन बाजूंनी कशाला यायचं?"

खलीलमिस्त्रींनी तंबाखूची पिचकारी मारली. सरळ खड्ड्यात. पहिली थुंकी त्यांची, आणि तेव्हा तर पाण्याचा थेंबही नव्हता.

मुरूम पडला. धुम्मसने ठोकून ठोकून बसवला. उतारावर शहाबादी फरशी लागली, सांधे सिमेंटने भरले. नाना कामावरून आले की खाकी हाफपँटवर आत उतरायचे आणि सांध्यांवरून बोट फिरवत बसायचे. इतक्या मायेने ते कधी माझ्या वह्याही बघत नाहीत. तळाला त्यांनी मोरी ठेवली आणि तिच्या तोंडात बाभळीच्या लाकडाचा बोळा ठोकला, वर गोणपाट गुंडाळून. "पाणी कुठून येणार ते नंतर बघायचं. ते जाणार कुठे ते आधी ठरवायचं," हे त्यांचं कालव्यावरचं वाक्य. जाणार होतं कॉलनीच्या गटारात. ते गटार देवरामकाकांच्या संडासाच्या मागून वाहतं.

येणार होतं मागच्या द्राक्षबागेतून. बागवाल्या सावळीरामभाऊंनी विहिरीवरची मोटार चालू करून पाइप कुंपणातून आत दिला. दिवसभर पाणी पडत होतं. निळसर, गार, तळातल्या फरशीची शीर न् शीर दिसेल असं.

हे एकच वाक्य मला त्या पाण्याबद्दल बरं लिहिता येतं. ते जपून ठेवते.

रविवारी नाना चारी बाजूंनी गोणपाट बांधणार होते. म्हणजे कुणाला दिसणार नाही. म्हणजे मी...

तांब्या

शनिवारी चतुराबाई आल्या.

चतुराबाई म्हणजे देवरामकाकांची बायको. त्या रोज पहिल्या बसने रामकुंडावर जातात, आंघोळ करतात आणि तांब्या भरून आणतात. तो तांब्या त्यांनी दोन वर्षांपूर्वीच्या सिंहस्थात घेतला. आमच्याकडे त्या कुंपणापर्यंत येतात. भाजी देतात ती कुंपणावरून देतात. आई त्यांना काही देते तेव्हा म्हणतात, "ठिवा तिथं, मालनबाई, घेते मंग." मग ते तिथेच राहतं.

त्या दिवशी फाटक उघडून आत आल्या. काठावर उभ्या राहिल्या. तांब्यावरचं पान काढलं.

"एवढं पाणी तुमच्या दारात, जयरामभाऊ. त्यात गंगा नको व्हय? घालू का थोडी?"

नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंडात लोक राख सोडतात, हेही सगळ्यांना माहीत असतं. उन्हाळ्यात तिथे गुडघाभर हिरवं पाणी उरतं आणि राख कुठेच जात नाही.

महाडच्या तळ्यात काय काय ओतून ते शुद्ध करून घेतलं होतं, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलंय. नानांनीच शिकवलंय. मी नानांकडे बघितलं.

नाना हसले. "घाला की. पाणीच आहे."

तांब्या वाकडा झाला. पाण्यावर राखाडी रंगाची एक पापडी तरंगत पुढे आली, फिरली आणि माझ्या बाजूच्या काठाला लागली.

"झालं," चतुराबाई म्हणाल्या. "आता हे पाणी कुणालाबी चालंल."

कुणालाबी.

पाण्यावर काय काय तरंगत होतं

खोबरेल तेलाचे डोळे. केस, लांब आणि आखूड. झेंडूच्या पाकळ्या, आधी पिवळ्या, मग तपकिरी, मग कशाच्या ते कळणार नाही अशा. कुणाच्या तरी टाचेवरची पट्टी. लाल साबणाची चकती, तिला केस चिकटलेले. मिश्रीची थुंकी. ती आधी तंतू होते, मग ढग होते, मग दिसत नाही. दिसत नाही हे जास्त वाईट.

पहाटेपासून येत होते. जवळपासच्या चाळींतून, पलीकडच्या वळणावरून. बस नको, भाडं नको, गर्दी नको. चतुराबाई फाटकात उभ्या राहून "या, या" म्हणायच्या, जसं काही ते त्यांचं माहेर आहे. गोणपाटाच्या गुंडाळ्या पडवीत पडून होत्या. एवढी माणसं आत असताना बांधायची कशी?

पाण्यातलं बोलणं

देवरामकाका (छातीपर्यंत पाण्यात, चूळ भरून, चूळ पाण्यातच टाकून): वा. दमा मोकळा झाला.

चतुराबाई: आहो, जरा तिकडं थुका की.

देवरामकाका: तिकडं तुझी बहीण हाय.

चतुराबाईंची बहीण: दाजी, मी काय नवी हाय का तुमच्या थुकीला?

(हशा.)

देवरामकाका: जयरामभाऊ, पायऱ्या एकाच बाजूला का हो केल्या? चढताना लय लाइन लागती.

नाना (काठावरून, टॉवेल घेऊन उभे): पुढच्या वेळी दोन्हीकडे करू.

आई (स्वयंपाकघरातून, फक्त मला ऐकू येईल असं): पुढच्या वेळी.

नाना

मी त्यांना विचारलं. जेवताना विचारलं, कारण तेव्हा त्यांना उठून जाता येत नाही.

"माझ्यासाठी होतं ना ते?"

"तुझंच आहे की. जा ना तू पण. कोण अडवतंय?"

"एवढ्या लोकांत?"

नानांनी भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. "लते, नांदगावकडे आमच्या गावात मला पाणी प्यायचं असलं तर ओंजळ धरून उभं राहायला लागायचं. वरून ओतायचे. हात लागू नये म्हणून इतक्या उंचावरून, की निम्मं तोंडावर पडायचं. आणि आता बघ. आपल्या अंगणात येतात. आपल्या पाण्यात उतरतात. त्यांना मी चालते व्हा म्हणू?"

"तांब्या ओतल्यावर आले, नाना. त्याआधी नाही आले."

आईने त्यांच्या ताटात न मागता आमटी वाढली. ती भाकरी बुडून लिबलिबीत होईपर्यंत आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो.

हिरवं

मग ते हिरवं झालं. आधी कडेला, मग फरशीच्या सांध्यांत, मग सगळं. उतारावर शेवाळ धरलं. बोट लावलं तर बोट पुढे जायचं आणि मन मागे राहायचं. बेडूक आले. वास आला, माझ्या चामड्याच्या पट्ट्याचा जो आहे तोच, फक्त सगळ्या घरभर. मला वाटलं, आता तरी थांबतील. पण गंगेला वास येत नसतो म्हणे. लोक नाक न धरता डुबकी मारायचे आणि वर येऊन "आहाहा" करायचे.

माझा गुडघा दिवसेंदिवस घट्ट होत होता. आई तेल लावून वाकवायची. मी उशी चावायचे.

एका सकाळी नाना हाफपँट घालून पाण्यात उतरले. मोरीचा बोळा काढायला.

"काय करताय हो?" चतुराबाई कुंपणावरून.

"पाणी बदलतोय. खराब झालंय."

"आन् हे कुठं सोडताय?"

"गटारात."

चतुराबाईंनी तोंडावर पदर घेतला. "गंगा गटारात? आमच्या संडासामागून? जयरामभाऊ, तुमच्यात चालत आसंल. आमच्यात नाय चालत."

देवरामकाकाही आले. म्हणाले, बादली-बादलीने झाडांच्या बुंध्याला घाला. सगळ्या कॉलनीत मिळून एक शेवगा आहे. नाना म्हणाले, मग सावळीरामच्या द्राक्षांना सोडतो. तर चतुराबाई म्हणाल्या, द्राक्षाला शेणखत घालतात, औषधं मारतात, तिथं गंगा कशी चालेल.

"शेण तर चालतं ना तुम्हाला?" आई खिडकीतून म्हणाली. "शेणाने तर सगळं शुद्ध करता तुम्ही."

तिचं कुणी ऐकलं नाही. किंवा ऐकून ऐकलं नाही. नाना पाण्यात वाकून उभे होते, हात बोळ्यावर, पाणी हनुवटीला लागलेलं, ओठांच्या अगदी खाली ते हिरवं. मला वाटलं, उपटतील. बोळ्याला एक झटका.

ते हात चोळत वर आले. पायऱ्यांवरून.

बायकोच्या, मुलीच्या देखत माणूस असा वर येतो तेव्हा त्याच्या पोटऱ्यांना शेवाळ चिकटलेलं असतं. तेवढंच मी बघितलं. वर बघितलं नाही.

दशहरा

गंगा दशहऱ्याच्या शेवटच्या दिवशी चतुराबाईंनी ठरवलं की माझा पाय बरा करायचा.

मला विचारलं नव्हतं. आईला विचारलं नव्हतं. नानांना सांगितलं होतं. आणि नाना हो म्हणाले होते. दुसरं पाणी मिळणार नव्हतं, पावसाळा तोंडावर आला होता, आणि डॉक्टरांनी पाणी म्हटलं होतं, कसलं पाणी ते म्हटलं नव्हतं. असा त्यांनी हिशेब केला असणार. त्यांना बोलता आलं असतं तर असंच बोलले असते.

टाकी भरली होती. माणसांनी. काठावरही उभी. कुणी ओवाळायचं ताट आणलेलं, कुणी झेंडू. चतुराबाई मधोमध पाण्यात, लुगडं अंगाला चिकटलेलं, दोन्ही हात माझ्याकडे पसरलेले.

"ये गं माझी बाय. काढ ते लोखंड. आज गंगामाय तुला पाय देनार."

"आज नाय तर कधीच नाय," देवरामकाका म्हणाले आणि त्यांनी चूळ भरली.

नानांनी मला काठावर बसवलं. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले. त्यांचा हात वरच्या पट्ट्यावर आला. बकल सुटलं.

सगळ्यांचं बोलणं थांबलं. तेच. तलावावरचं तेच.

दुसरं बकल.

"मी यात मुतते," मी म्हणाले.

नानांचा हात थांबला.

"काय?" चतुराबाई.

"मी. या पाण्यात. मुतते. रोज दुपारी, तुम्ही सगळे झोपता तेव्हा."

"खोटं बोलती पोरगी."

"वास घेऊन बघा."

आणि त्यांनी घेतला. सगळ्यांनी. इतके दिवस जो वास नव्हता, तो एकदम आला. देवरामकाकांच्या तोंडात चूळ होती. ती त्यांनी गिळली की टाकली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या गालावरून दोन्हीचा अंदाज येत होता.

मग जे सुरू झालं ते खलीलमिस्त्रींनी बघायला हवं होतं. पायऱ्या एकाच टोकाला आणि त्यांच्यावर चतुराबाईंची बहीण आधीच चढून अडकलेली. बाकीचे उतारांवर धावले. शेवाळ. दोन पावलं वर, सपकन खाली, तोंडावर, परत त्याच पाण्यात. नाकातोंडात जात होतं आणि "शी शी" म्हणायला तोंड उघडावं लागत होतं. एकमेकांचे पाय धरत होते, लुगडी धरत होते. काठापर्यंत पोचलेल्याला खालचा ओढत होता. देवरामकाका पोटावर सरपटत वर आले आणि हात टेकायला काही नाही म्हणून तसेच, डोळे माझ्यावर ठेवून, हळूहळू मागे घसरत गेले. बेडूक मात्र सहज बाहेर पडत होते.

हसू आलं नाही. ओकारी आली. ती मी दाबली. एवढ्यात तिची आणखी भर नको म्हणून.

चतुराबाई शेवटी वर आल्या, चारही पायांवर. केसांतून हिरवं गळत होतं. नानांच्या समोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "बाटवलं! सगळं पाणी बाटवलं तुमच्या पोरीनं!"

नाना अजून माझ्यासमोर गुडघ्यांवर होते. माझं बकल त्यांच्या बोटांत.

त्यांनी ते परत लावलं. घट्ट. वरचंही लावलं. मग उठले.

"बाटलं?" त्यांनी विचारलं. अगदी शांतपणे, कामावर विचारतात तसं.

"बाटलं नाय तर काय!"

"गंगा राहिली नाही?"

"कशाची गंगा आता, मेलं मूत ते!"

"म्हणजे गटारात सोडायला हरकत नाही."

चतुराबाई फाटकाकडे निघाल्याच होत्या. त्यांना घरी जाऊन नळाखाली बसायची घाई होती. सगळ्यांनाच होती. त्या दिवशी कॉलनीतले सगळे नळ एकदम सुटले आणि नळाच्या उंच टाकीतलं पाणी दुपारीच संपलं.

नाना कपड्यांसकट उतरले. मान वर धरून पाण्याखाली चाचपलं. मग डोकंही आत घातलं. बोळा निघाला तो आवाज मी जमिनीतून ऐकला.

तळ

पाणी गेल्यावर जे उरलं: गाळ, हातभर. बांगड्यांच्या काचा. एक हिरवी चड्डी. खोबऱ्याच्या वाट्या, आतून बुळबुळीत. कुणाचा तरी वरचा दात, सोन्याची कड असलेला. तो नानांनी धुऊन कुंपणावर ठेवला. कुणी न्यायला आलं नाही.

नाना घासत होते. नारळाच्या काथ्याने, चुन्याने, मग परत काथ्याने. त्यांची नखं हिरवी झाली. मला त्यांनी एकदाही विचारलं नाही.

गोणपाट त्यांनी त्याच दिवशी बांधलं, पाणी भरायच्या आधी.

पाणी

मोटार बंद झाली. आईने माझे पट्टे सोडले आणि मला काठावर बसवलं. गोणपाटाच्या पलीकडे नाना खुर्ची घेऊन पाठमोरे बसले होते. त्यांचा खोकला ऐकू येत होता.

मी हात टेकले आणि उतारावरून बसूनच घसरले. उभी भिंत असती तर मला कुणीतरी उचलून आत सोडावं लागलं असतं.

पाय वर आला. आपोआप. मी त्याला उचललं नव्हतं.

"खरं सांग," आई काठावरून म्हणाली, "मुतली होतीस?"

"माझं ते लोखंड तुझ्याशिवाय कधी निघालंय?"

आईने सोडलेले पट्टे गुंडाळून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "आता पण मुतू नको. नानांनी फार घासलंय."

मी गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि दाबला. वाकला. पुरा नाही. दारात पाचर ठोकलेली असावी आणि ती हलावी, एवढा. दुखलं. परत दाबला.

कुंपणाच्या बाजूला गोणपाट थोडं हललं. फटीतून आधी तांब्या दिसला, मग बोटं.

"मालनबाई," चतुराबाईंचा आवाज आला, गोड, "पाणी बदललं वाटतं?"

आई उठायला लागली. मी तिचा पदर ओढला.

"हो, बदललं," मी मोठ्याने म्हणाले. "आणि मी आतच आहे."

तांब्या तिथेच थांबला. मग फट मिटली.